सातशे चौदाचं तिकीट

हे तुम्हाला पटणार नाही, पैजेवर सांगतो. पण जिची गोष्ट, ती उमाकाकू समोरच भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलीय. खोटं वाटलं तर तिनं टोकावं.

तेव्हा निजामाचं राज्य. पिंगळीचा वीरुपाक्ष परभणीच्या शाळेत रियाजी, म्हणजे गणित, शिकवायचा. एका बाजारच्या दिवशी पिंगळी स्टेशनावर वाऱ्यानं त्याचं तिकीट उडालं, ते थेट सांबप्पा दुकानदाराच्या लेकीच्या, उमादेवीच्या टोपलीत. तिनं नंबर वाचला.

"सत्याहत्तर. गुणाकारात फोडला की सात आन् अकरा. आणखी फुटत न्हाईत. बेरीज अठरा."

मास्तर बघतच राहिला. "आन्... तुमचं?"

"अठ्ठ्याहत्तर. दोन, तीन, तेरा."

"म्हणजे..."

"अठराच की! मास्तर असून बोटं काय मोजायलात?"

तिच्या डोळ्यांत हसू होतं. मास्तराची गाडी तिथंच चुकली असती.

मग दर बाजारी दोघं रांगेत मागंपुढं उभी राहू लागली. तिकिटं फोडायची, तुकड्यांची बेरीज करायची. एकशे पंचवीस-सव्वीसला पुन्हा जुळलं, दोन्हीकडं पंधरा. त्यानंतर मात्र जोडी म्हणून लागेना. महिने गेले. मास्तर रोज मनात एक वाक्य घोकायचा, अन् तिच्यासमोर आलं की बेरीजच बोलायचा.

एके दिवशी ती पुढं बघत हळूच म्हणाली, "नांदेडचं स्थळ आलंय. अप्पा उद्या होकार कळवणार."

"मग... तुमी?"

"आज दोघांची बेरीज जुळली, तर अप्पांना तुमचं नाव सांगते. न्हाई जुळली तर..." तिनं पदर नीट केला.

तेवढ्यात तिच्या पुढच्या माणसानं तिकीट घेतलं. सातशे बारा! म्हणजे तिला सातशे तेरा. तेवीस आन् एकतीस, चोपन्न. त्याला सातशे चौदा. दोन, तीन, सात, सतरा. एकोणतीसच. मास्तरानं डोळे घट्ट मिटून घेतले.

आणि इथं चमत्कार झाला बघा. स्टेशनमास्तरची शेळी खिडकीवर पाय ठेवून उभी राहिली अन् तिनं सातशे तेराचं तिकीट चावून गिळून टाकलं!

वीरुपाक्षानं डोळे उघडले, तर उमादेवीच्या हातात सातशे चौदा. त्याला मिळालं सातशे पंधरा.

"पाच, अकरा, तेरा..." त्यानं बोटांवर मोजलं. "एकोणतीस. उमादेवी... आता अप्पांना काय सांगणार?"

"सांगते की, मास्तराला बेरीज येते. बोलायला मीच शिकवीन."

पुढच्या महिन्यात अक्षता पडल्या. मांडवात त्या शेळीला हळदकुंकू लावून—

"खोटं!" उमाकाकूच्या हातातली शेंग सुपात पडली. "कुठली शेळी रे मेल्या? मास्तर डोळे मिटून उभे, तवा मीच शेजारच्या धुरपताबाईला दंडाला धरून माझ्या पुढं घातलं, सातशे तेरा तिच्या गळ्यात मारलं! आन् तिला कुठं परभणीला जायचं होतं? ती तर सुनेला पोचवायला आली होती!"