पेवातले ठसे

"इथं पाय आपट," भुजंग म्हणाला.

दैवशालानं आपटला. धम्म! जमीन पोकळ वाजली. भुजंगचा धाकटा भाऊ लिंबाजी मागं सरला. "खाली भूत राहतंय."

"तुला बघून तेच पळालं असंल," दैवशाला म्हणाली. 

उन्हाळ्याच्या सुट्टीत ती गंगाखेडहून मामाकडे आली होती; भुजंग अन् लिंबाजी मामाचीच पोरं. येलदरीचं धरण भरलं तेव्हा मामाचं जुनं गाव उठलं. खालची आळी पाण्यात गेली, वरची ओस पडली. भिंती ढासळल्या, चुलींवर गवत उगवलं. अख्ख्या गावात आता फक्त होले पक्षी घुमत. आसाराममामा माळवदाच्या छपरावर टाकायला तिथली पांढरी माती बैलगाडीत भरत होता.

पोरांच्या हाकेनं तो आला. कुदळीनं माती ओढली, तर खाली सपाट दगड. पहारीनं सरकवताच काळं तोंड उघडलं, आंबूस वास आला.

"ज्वारी साठवायचं पेव हाय. कुणाचा हंडाबिंडा राहिला आसंल. दोर आण भुजंग, उतरतो."

 दैवशालाची आई नेहमी सांगते, बंद पेवात वारं मरतं. आधी दिवा सोडायचा, तो तेवला तरच मग माणूस.

"मामा, आधी दिवा सोडा."

"भर दिवसा? लय शाणी झालीस गंगाखेडात." मामानं दोर कमरेला बांधलासुद्धा.

वाद घालण्यात अर्थ नव्हता. "बरं. पण अंधारात हंडा कसा दिसंल? अन् साप आसला तर?"

मामा थबकला. "गाडीखालचा कंदील काढ रे."

कंदील पेटवून खाली सोडला. तोंडाजवळची शेणानं लिंपलेली भिंत उजळली. तिच्यावर बोटांचे ठसे होते, लहान हाताचे. कंदील आणखी खाली गेला. ज्योत आखडली, निळी झाली आणि वारा नसताना विझली.

 मामा कमरेचा दोर सोडू लागला, पण गाठ त्याला सुटेना.

दैवशाला पालथी पडून ठसे बघत होती. प्रत्येकाची करंगळी बाहेर वाकलेली. घरी आईच्या भाकरीवर रोज उमटते तशीच.

"मामा, ही आई हाय."

मामा मटकन खाली बसला. ढासळलेल्या भिंतींकडे बघत म्हणाला, "म्हंजी हे आपलंच घर. पेव लिंपायला बारकं पोरगं उतरवायचे. तुझी आई, आक्का, उतरायची. आधी दिवा, मग आक्का." त्यानं दैवशालाच्या डोक्यावर हात ठेवला. "तिचं सांगणं तू ध्यानात ठेवलंस, म्हणून मी वाचलो."

दैवशालानं हात आत घालून ठशावर टेकवला. बोटाला बोट जुळलं, फक्त करंगळी सोडून.

मग दगड जागेवर गेला, आणि मामानं गाडीतली माती मुकाट्यानं त्यावर परत ओतली.