झाकणावरची फुली

दिवा जरा बारीक करा. हां, पुरे.

आपल्या बेत जाला गावातल्या ख्रिस्ती बिशारा पाथरवटाची आई वर्षभर अंथरुणाला खिळलेली होती. वाचा गेलेली, तोंडात चमच्यानं सूप घालावं लागे. लाजरच्या शनिवारची, येशूनं मेलेल्या लाजरला उठवलं त्या सणाची, आदली संध्याकाळ. बिशारा खाणीत विसरलेली छिन्नी आणायला गेला, तर ताज्या फुटलेल्या कपारीत त्याला एक दगडी पेटी दिसली. आत हाडं. झाकणावर कोरलेली फुली. त्याला वाटलं, क्रूसच तो, कुणीतरी संत असणार. बोटाचं एक हाड त्यानं रुमालात बांधलं. आईच्या उशाखाली ठेवू, म्हणाला.

खाणीच्या फाटकाशी नफ्ताली ट्रक भरत होता. दगडाचं जुनं यहुदी गिऱ्हाईक.

“रुमालात काय दडवलंस? खायचं चीज असेल तर अर्धं माझं.”

“संताचं हाड आहे. झाकणावर क्रूस होता.”

नफ्ताली हसला नाही. “अरे गाढवा, ती पाथरवटाची खूण. एक झाकणावर, एक पेटीवर, जुळवून बसवायला. जन्म दगडात गेला तुझा, आणि हे कळेना? आमच्या जुन्या लोकांपैकी कुणीतरी आहे ते. तेव्हा मढं कपारीत ठेवायचे. वर्षानं मांस गळालं की मुलगा आपल्या हातानं हाडं वेचून पेटीत भरायचा. ठेवून ये.”

“आईला उतार पडू दे, मग ठेवीन.”

“हाडांना हात मुलानं लावायचा असतो, बिशारा. तू कोणाचा मुलगा?”

बिशारानं ऐकलं नाही, रुमाल उशीखाली ठेवलाच. आई होती ना त्याची.

मध्यरात्री वासानं जाग आली. खाटकाच्या दुकानामागच्या गटारासारखा वास. आईला उलटी झाली असेल, म्हणून त्यानं उशीखाली हात घातला. ओलं लागलं. चिकट.

रुमाल पिवळ्या चरबीनं भिजला होता. आतलं हाड... मऊ झालं होतं.

त्याच्यावर मांस आलं होतं. करडं, बुळबुळीत. अंगठ्याखाली सरकत होतं. टोकाला नख फुटत होतं.

रुमाल मुठीत धरून तो तसाच पळत सुटला. खाण. कपार. पेटी. त्यानं ते आत टाकलं...

हातातून सुटता सुटता ते वाकलं. त्याच्या अंगठ्याला धरलं. घट्ट.

कसाबसा हात सोडवून तो घरी आला. हात राखेनं घासले, साबणानं घासले, वास जाईना. एवढ्यात आतून आवाज आला.

“बिशारा, पाणी दे रे.”

आई उठून बसली होती. तो रडला, तिचा उजवा हात ओठांशी नेला... आणि थांबला.

म्हातारी त्यानंतर बरीच वर्षं जगली. हिंडली, फिरली. उजव्या तर्जनीला तेवढं कायम फडकं. ती गेली तेव्हा अंघोळ घालणाऱ्या बायकांनी ते सोडलं. जखम नव्हती, मांसही नव्हतं. नुसतं वाळलेलं हाड. बायका म्हणाल्या, ते तिचं नव्हतं. फार जुनं होतं.