पावसाच्या खोलीतलं बोलणं

दारावर पाटी होती, 'आत पाऊस चालू आहे.' कारखान्यात नवा आलेला तो माणूस पाटी वाचून गालातल्या गालात हसला, दार ढकलून आत शिरला आणि पुढच्याच क्षणी नखशिखांत भिजला.

आत ती उभी होती, गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून, डोक्यावर निळी छत्री धरून. छत्र्यांच्या कारखान्यातली ही तपासणीची खोली. छताला फवारे, जमिनीला जाळी आणि बारा महिने पाऊस. छत्री गळते का, हे बघणं तिचं काम. म्हणून सगळे तिला पाऊसबाई म्हणत आणि तिला ते नाव मनापासून आवडे.

"पाटी वाचता येते ना?" ती फवाऱ्यांच्या आवाजावरून ओरडली.

"येते... पण खरी वाटली नाही."

"आणि आता?"

"आता शंकाच उरली नाही," तो केस झटकत म्हणाला. "छत्रीत थोडी जागा आहे का?"

छत्री तशी एका माणसाचीच होती, पण तिने ती कलती केली. त्याचा ओला खांदा तिच्या खांद्याला लागला न लागला... आणि रोजच्या पाण्याचा आवाज आज जरा वेगळा येतोय, असं तिला उगाचच वाटून गेलं.

तासाभराने कळलं की तो भिजका माणूस म्हणजे तपासणी विभागाचे नवे साहेब. म्हणजे तिचेच! तिची पाचावर धारण बसली. साहेबाला विचारलं होतं, वाचता येतं का म्हणून!

पण साहेब वेगळाच निघाला. दर आठवड्याला तो सगळ्यांना गोलात उभं करायचा आणि विचारायचा, "काही अडचण?" सगळे आपापल्या चपलांकडे बघायचे. "काही नाही साहेब. सगळं ठीक." आधीच्या साहेबांच्या काळात अडचण सांगणाऱ्याचीच अडचण व्हायची, त्यामुळे तोंडाला कुलूप लावणं साऱ्यांच्या अंगवळणी पडलं होतं. पाऊसबाईचे वडीलही याच कारखान्यात राबले. मुलीला नोकरी लागली तेव्हा त्यांनी कानमंत्र दिला होता, मान खाली आणि काम चालू.

खरं बोलायची जागा एकच होती, पावसाची खोली. तिथलं बोलणं पाण्याच्या आवाजात बाहेर ऐकू जात नसे. शिवण विभागाच्या काकू तर सुनेची गाऱ्हाणीसुद्धा तिथेच येऊन ओकायच्या. साहेबाच्या हे लक्षात आलं आणि तोही यायला लागला.

"खरं सांगू का, साहेब?" एकदा ती छत्रीखालून म्हणाली.

"त्यासाठीच तर भिजतोय."

"तुम्ही विचारता, पण विचारून होतं काय? छत्री गळतेय असं मी म्हटलं, की तुमची सही, मग मोठ्या साहेबांची सही. तोवर माल गाडीत चढलेला असतो. मला नुसतं बघायचा हक्क आहे. थांबवायचा नाही."

 मग मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये बऱ्याच चकरा मारून, बरीच बोलणी खाऊन त्याने हुकूम आणला. यापुढे पाऊसबाई 'थांबा' म्हणाली की माल थांबेल, कुणाची सही लागणार नाही.

"आणि माझं चुकलं तर?" तिने विचारलं.

"तर चुकेल. माणसं आहोत आपण."

"साहेबसुद्धा?"

"काही काही... प्रयत्न करतात," तो म्हणाला आणि दोघंही हसत सुटली.

छत्रीखाली उभं राहिलं की तो हटकून धारेच्या बाजूला सरकायचा. तिची बाही कोरडी राहायची, त्याची चिंब व्हायची. तपासणीचं बोलणं संपलं तरी पाय काही निघायचे नाहीत. ती त्याच्या प्रेमात पडली होती. स्वतःपासून तरी हे लपवण्यात आता अर्थ नव्हता. आणि तो? तो मध्येच म्हणायचा, "एक विचारायचं होतं—"

"काय?"

"काही नाही... सगळं ठीक."

"साहेब, हे आमचं वाक्य आहे!"

मग तो दिवस उजाडला. मोठी मागणी, दारात ट्रक उभा, आणि छत्री घ्यावी ती एकाच जागी गळत होती. तिने 'थांबा' म्हटलं. ट्रक थांबला, मोठे साहेब तापले, काकूंच्या हाताखालच्या बायका शिवणी उसवायला बसल्या. दुपारी छत्री मिटता मिटता तिची नजर सहज छताकडे गेली. एका फवाऱ्याची भोकांची चकती निखळून पडली होती आणि तिथून जाडजूड धार सुटली होती. त्या धारेखाली जगातली कुठलीच छत्री टिकली नसती. पण डोक्यावर छत्री धरलेला माणूस वर कशाला बघेल!

चकती गुपचूप बसवून टाकली असती तर कुणाला पत्ताही लागला नसता. तिने क्षणभर तसा विचार केलाही. मग रबरी बुटांनिशीच ती सरळ बाहेर आली आणि सांगून मोकळी झाली.

मोठ्या साहेबांनी सगळ्यांना गोळा केलं. "हक्क दिले की हे असं होतं! आजपासून सगळं पुन्हा माझ्या सहीने चालेल."

"सर, जबाबदारी माझी—" साहेब पुढे झाला.

"नाही," तिने त्याला अडवलं.  "चूक माझी आहे. फवारा मी बघायला हवा होता. उद्यापासून आधी तो बघेन. पण हक्क काढून घेऊ नका, सर. खरोखर गळकी छत्री येईल, तेव्हा सही होईपर्यंत मी नुसती बघत उभी राहू का?"

 मग नळाची कामं करणारे मामा खाकरले. "ती चकती सैल होती. मला दिसलं होतं... म्हटलं, आपण कशाला बोला."

"माझ्या बायका सांगत होत्या, शिवण बरोबर आहे म्हणून," काकू म्हणाल्या. "मीच त्यांना गप्प बसवलं."

मग आणखी कुणी, आणखी कुणी. मोठे साहेब चष्मा पुसत ऐकत राहिले. "एवढं बोलता येतं होय तुम्हाला?" ते पुटपुटले आणि गेले. हक्क मात्र राहिला.

त्याच आठवड्यात काकूंनी बातमी आणली की साहेबाने दुसऱ्या विभागात बदली मागून घेतलीय. ती तडक त्याच्या केबिनमध्ये गेली. दार उघडंच राहिलं.

"बदली मागितलीत?"

"हो." त्याने हातातलं पेन उगाच खाली ठेवलं. "तुमची रजा, तुमची पगारवाढ, सगळं माझ्या हातात आहे. अशा माणसाने काही विचारलं, तर नाही म्हणणं सोपं नसतं. म्हणून म्हटलं, आधी इथून उठावं... मग विचारावं."

"हे कुणी ठरवलं?"

"मी."

"एकट्यानेच?"

त्याने पेन पुन्हा उचललं.

"अख्ख्या कारखान्याला बोलतं केलंत आणि माझ्याबद्दलचं मलाच वगळून ठरवलंत! बदली घ्या, ती बरोबरच आहे. पण मला विचारायला हवं होतं. मला हे आवडलेलं नाही."

"चुकलं माझं," तो म्हणाला. पुढे 'पण' नाही की सारवासारव नाही. तिला तेच सगळ्यात आवडलं.

"कधीपासून जाणार?"

"सोमवारपासून."

"म्हणजे आज तुम्ही अजून माझे साहेब आहात. माझी पगारवाढ तुमच्याच हातात आहे."

"आज... हो."

"छान. मग आजच सांगते. मला तुम्ही आवडता." तिचे कान गरम झाले, पण ती थांबली नाही. "सोमवारी सांगितलं असतं, तर तुम्हाला वाटलं असतं, साहेब गेले म्हणून हिला धीर आला."

बाहेर शिवणयंत्रं एकेक करून गप्प झाली. तो लाल झाला, कानाच्या पाळ्यांपर्यंत.

"सगळ्यांना ऐकू गेलं," तो कुजबुजला.

"जाऊ दे. तुमचं काय ते सांगा."

"मलाही... पहिल्या दिवसापासून. पण भीती वाटायची."

"कुणाची? मोठ्या साहेबांची?"

"नाही. तुम्ही केवळ साहेब म्हणून हो म्हणाल, याची."

"तुम्ही साहेब असूनही मी आत्ताच तुम्हाला चार गोष्टी सुनावल्या ना?" ती हसली आणि टेबलावरचा त्याचा हात तिने हातात घेतला.