मोराचा कागद आणि लेमन सेट

रवळनाथाची शपथ घेऊन सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. एक काना इकडचा तिकडे नाही. खोटं निघालं तर उद्या माझ्या पहिल्या चहाचं दूध नासू दे... आणि माझा पहिला चहा चुकला तर काय होतं, ते बोरीवलीतल्या आमच्या अख्ख्या सोसायटीला ठाऊक आहे.

तर झालं असं. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी ऋतिका खाली इस्त्रीचे कपडे आणायला गेली. ऋतिका म्हणजे दुसऱ्या मजल्यावरची, चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते ती. बोलायला तिखट, मनाने पुरणपोळी. जिन्याखालच्या नंदू इस्त्रीवाल्याच्या टेबलाशी पोचली आणि तिथेच खिळली. नंदू बाजूला बसून चहा पीत होता, आणि त्याच्या इस्त्रीने एक उंच, अनोळखी मुलगा कागद इस्त्री करत होता. गिफ्टचा कागद. रुपेरी, त्यावर निळे मोर. वर सुती रुमाल पसरून, इतक्या हलक्या हाताने की पैठणीच जणू.

ऋतिकाचा वासलेला आ मिटेना. वापरलेले कागद इस्त्री करून गादीखाली जपणारी जगात आपण एकटीच, अशी तिची समजूत होती हो.

"वाफ नको देऊस," ती म्हणाली. "रंग सुटतो."

त्याने वर पाहिलं. चष्म्याच्या डाव्या दांडीला चिकटपट्टी गुंडाळलेली. "तुला कसं माहीत?"

"माझी... एक मैत्रीण करते असलं काहीतरी."

"मग मैत्रिणीला सांग, वाफ बंदच..." आणि तो बघतच राहिला तिच्याकडे. इस्त्री मोराच्या शेपटीवर राहिली. कोपऱ्यात चिंचोक्याएवढा बदामी डाग उमटला.

"वाट लागली," तो म्हणाला.

"कागदाची," ती म्हणाली आणि कपडे उचलून निघाली. पण जिना चढताना दोनदा पायरी चुकली.

हा सुयोग. मूळचा चेंबूरचा, क्लासमध्ये मुलांना फिजिक्स शिकवतो. मुलुंडला त्याची कुंदा मावशी राहते. तिची आणि आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी भाऊराव यांची जुनी ओळख, त्या ओळखीवर त्याला तिसऱ्या मजल्यावर भाड्याने जागा मिळाली.

आता आमच्याकडे ख्रिश्चन घरं तीनच, पण नाताळ सगळ्यांचा. त्या वर्षी पाण्याच्या पंपाने सोसायटीचा फंड गिळला होता. भाऊरावांनी फर्मान काढलं, सजावट यंदा फुकटात. आणि कागद इस्त्री करणाऱ्या दोघांची कीर्ती नंदूने तोवर तळमजल्यापासून गच्चीपर्यंत पोचवली होती. काम त्यांच्याच गळ्यात पडलं.

तीन आठवडे रोज संध्याकाळी दोघं खाली. गणपतीच्या मखराचं थर्माकोल किसून बर्फ केला, मिठाईच्या खोक्यांच्या सोनेरी दोऱ्यांची रिबीन केली. दिवाळीचा आकाशकंदील तारा म्हणून टांगायचं ठरलं, तेव्हा ऋतिका म्हणाली, आधी त्याच्या शेपट्या काप. सुयोग म्हणाला, राहू दे, शेपटीवाला तारा असतो, त्याला धूमकेतू म्हणतात, पोरं दोन मार्कांसाठी लिहितात. ती हसली नाही. घरी येऊन हसली.

आणि रोज घरी येऊन ती आजीपुढे सुयोगच्या नावाने बोटं मोडायची. असा हट्टी, तसा कंजूस, स्वतःला काय समजतो. अर्धा अर्धा तास. तिची आजी वनमाला, बिचारी गरीब गाय, देवभोळी, कोणाच्या अध्यात ना मध्यात. ती मटार सोलत नुसतं "हं" म्हणायची.

एक दिवस सुयोगने तो डागाचा कागद घडी घालून ऋतिकाच्या हातात दिला. "हा तुझा. डाग तुझ्यामुळे पडलाय."

"इस्त्री तुझ्या हातात होती."

"इस्त्री होती," तो म्हणाला. "लक्ष नव्हतं."

मग चिठ्ठ्या निघाल्या. ज्याच्या नावाची चिठ्ठी येईल त्याला नाताळचं गिफ्ट द्यायचं. ऋतिकाला आली सुयोगची. आता त्याच्यावर पैसे उधळले तर हाच हसणार. तिने स्टूल घेतलं आणि माळ्यावरून लेमन सेटचा डबा काढला, कुठल्याशा लग्नात आलेला, न उघडलेला. धूळ पुसली. आणि गुंडाळला त्याच मोराच्या कागदात, डाग बरोबर वर येईल असा. काय समजायचं ते समजेल, म्हणून.

चोवीस तारखेला संध्याकाळी धूमकेतूखाली गिफ्टं वाटली गेली. सुयोगने डाग पाहिला, अंगठ्याने एकदा चाचपला, आणि डबा छातीशी धरून वर गेला. ऋतिकाला त्या रात्री जेवण गोड लागेना. ताट तसंच सरकवून उठली.

पंचवीसच्या सकाळी आजी स्टुलावर उभी. "ऋतू, माळ्यावरचा लेमन सेट कुठे गेला गं?"

"दिला. का?"

आजी स्टुलावरच मटकन बसली. म्हणाली, "अगो, त्यात पाटल्या होत्या. तुझ्या लग्नासाठीच्या. चोर कपाट फोडतो, लेमन सेटला हात लावत नाही, म्हणून तळाकडून डबा उघडून ठेवल्या होत्या."

ऋतिकाच्या पायाखालची फरशी सरकली. गिरणी बंद पडली तेव्हा आजोबांनी रेडिओ विकला, सायकल विकली, आजीच्या गळ्यातलं सुद्धा विकलं, पण त्या दोन पाटल्यांना हात लावला नव्हता. घरात दर सणाला ही गोष्ट निघायची. आणि ती ठेव तिने काल, पैसे वाचवायला, एका फिजिक्सच्या मास्तरला देऊन टाकली होती.

अनवाणीच तिसऱ्या मजल्यावर. सुयोगने दार उघडलं. तिने धापा टाकत विचारलं, डबा कुठाय.

तो गोरामोरा झाला. "तो... मी दिला पुढे."

"दिलास?"

"मावशीच्या नव्या घरी आज सत्यनारायण आहे. मला सकाळी लवकरचा क्लास होता, आत्ताच आलो. भाऊराव पहाटेच मुलुंडला निघाले होते, त्यांच्याबरोबर पाठवला." मग हळूच म्हणाला, "लेमन सेट उघडायचा थोडाच असतो? तो द्यायचा असतो."

ऋतिकाला पाटल्यांचा धक्का मोठा की हा, तेच कळेना. डोळे भरून आले. "माझं गिफ्ट होतं ते, सुयोग."

तो आत गेला आणि फिजिक्सचं जाड पुस्तक घेऊन आला. पुस्तकाच्या मधोमध मोराचा कागद, सपाट, जपून ठेवलेला. डागाभोवती पेन्सिलीने तारीख लिहिलेली, डिसेंबरचा पहिला रविवार.

"डबा दिला," तो म्हणाला. "गिफ्ट इथे आहे."

तिने ओढणीने डोळे पुसले. म्हणाली, "गाडीची चावी घे. डब्यात आजीच्या पाटल्या आहेत."

स्कूटर निघाली. आरेच्या बाजूने गार वारा, पवईला ही गर्दी. मुलुंडला पोचले तर आरती संपून पंगत उठत होती. कुंदा मावशी म्हणजे बोलायला लागली की श्वास दुसऱ्याने घ्यावा लागतो. डब्याचं विचारल्यावर तिने कपाळाला हात लावला. तो डबा तर तिने भाऊरावांबरोबरच परत बोरीवलीला पाठवला होता.

"परत कोणाला?" सुयोगने विचारलं.

"अरे, त्या ऋतिकाला. तीन आठवडे फोनवर दुसरं नाव नाही तुझ्या तोंडी. ऋतिका असं म्हणाली, ऋतिका तसं हसली. म्हटलं, नाताळ आहे, पोरीला काहीतरी पाठवावं. आलेल्यातला तोच डबा चांगला दिसला." मग तिचं लक्ष मागे गेलं. "ही कोण रे?"

"ऋतिका," ऋतिका म्हणाली.

मावशीचं बोलणं बंद पडलं. तिचे यजमान म्हणतात, लग्नापासून पहिल्यांदाच.

पण संकट टळलं नव्हतं. भाऊराव सुट्टीच्या दिवशी फोन बंद ठेवतात. बसमध्ये बसले की घोरतात, आणि उतरताना काहीतरी विसरतात. दिवाळीत छत्री गेली, त्याआधी नव्या चपला. पाटल्या आता त्यांच्या मांडीवर, मुलुंड ते बोरीवली, देवाच्या भरवशावर.

परतताना पवईच्या सिग्नलला स्कूटर थांबली. तलावावरून वारा येत होता, तिची ओढणी त्याच्या खांद्यावर.

"मावशी जरा वाढवून सांगते," तो पुढे बघत म्हणाला.

"किती वाढवून?"

"तीन नाही... अडीच आठवडे असतील."

ती मागे ओठ चावून हसली, आणि दुसऱ्याच क्षणी पाटल्या आठवून रडवेली झाली. "नाही मिळाल्या तर काय रे?"

"तर मी देईन. थोडं थोडं करून. आयुष्यभर लागेल."

"आयुष्यभर?"

"सोन्याचा भाव बघितलास का?"

"त्या पाटल्या माझ्या लग्नात घालायच्या आहेत."

"मग..." सिग्नल हिरवा झाला होता, मागून सगळे हॉर्न मारत होते, पण हा बाबा हलेना. "मग लग्न पण माझ्याशीच कर ना. हिशोब घरातल्या घरात राहील."

मागच्या रिक्षावाल्याने जे म्हटलं ते मी लिहीत नाही. पण घर येईपर्यंत ऋतिकाने त्याचा शर्ट मुठीत घट्ट धरला होता, खड्डे नव्हते तिथेसुद्धा.

घरी पोचले तर भाऊराव खुर्चीत बसून लाडू खात होते, आणि समोर टेबलावर, केशरी कागदात... डबा. ऋतिकाने झडप घातली. पण आजी मध्ये आली. "थांब गो, कागद फाटेल. मी सुरीने सोडवून आणते." आणि डबा घेऊन स्वयंपाकघरात गेली. बघा, अशा वेळीसुद्धा बाईला कागदाची काळजी.

जरा वेळाने डबा बाहेर आला. सहा ग्लास, एक जग, आणि जगाच्या पोटात, रुमालात बांधलेल्या, दोन पाटल्या.

सुयोग खाली फरशीवरच बसला. ऋतिका त्याच्यापुढे बसली, पर्समधून नखाएवढा स्क्रू काढला, त्याचा चष्मा उतरवून चिकटपट्टी सोडली आणि दांडी नीट बसवून दिली. चष्मा परत त्याच्या नाकावर ठेवताना म्हणाली, "हो."

"कशाला हो?"

"आयुष्यभर. थोडं थोडं."

त्याने ती चिकटपट्टी उचलून खिशात ठेवली. म्हणाला, अजून चिकटते.

भाऊरावांच्या हातातला लाडू पडला. पडलेला उचलून खाल्ला, पण पडला हे खरं.

तर अशी ही गोष्ट, शब्द न् शब्द... बरं, उद्याच्या चहाची काळजी वाटते म्हणून सांगते. एक गोष्ट रचलेली आहे. पण ती मी आत्ता नाही रचली, तेव्हाच, स्टुलावर उभी असताना रचली. ती गरीब गाय वनमाला मीच. पाटल्या त्या डब्यात कधी नव्हत्याच. पोह्यांच्या डब्यात होत्या. मुलगी एकाच मुलाच्या नावाने तीन आठवडे बोटं मोडते, आणि गिफ्ट देऊन आल्यावर जेवत नाही, तर आजीने काय नुसते मटार सोलत बसायचं? मला वाटलं, तिसऱ्या मजल्यापर्यंत जाऊन येईल. मुलुंडचं ऐकून माझाच आ वासला होता, खरंच.

मे महिन्यात लग्न झालं. पाटल्या हातात चढवताना ऋतिका म्हणाली, "आजी, यांना पोह्यांचा वास कसा गं येतो?"

मी म्हटलं, जुन्या सोन्याला येतो.