राईने भरलेली ओटी

वेणूचा एक नेम होता. सकाळी तोंड धुतलं की तांब्याभर पाणी घेऊन ती उतारावर जायची, पहिल्या किंजळाच्या रोपाला घालायची, मगच दूध. आज मात्र तांब्या हातातच राहिला. किंजळाचं शेवटचं पानही गळून पडलं होतं.

उतारावर लावलेल्या दोनशे रोपांपैकी आता अकराच हिरवी होती. आणि नवल असं, की पलीकडे देवराईच्या (देवीच्या नावाने राखलेल्या जंगलाच्या) कडेला एक किंजळ आपोआप उगवला होता. त्याला ना कुणी पाणी घालत होतं, ना खत. तो पठ्ठ्या वेणूच्या खांद्याला लागला होता!

"शेकरू, असं कसं रे?" तिने विचारलं.

शेकरू म्हणजे रोपं लावणारा सहा पायांचा यंत्रमानव. तो म्हणाला, "वेणूताई, पाणी मोजून दिलं, सावली मोजून दिली. माझं काही चुकलेलं नाही."

"मग रोपांचंच चुकलं म्हणायचं!" मागून विमलआत्या हसत आली. ती मृदाशास्त्रज्ञ (मातीचा अभ्यास करणारी) होती.

वेणूला मात्र हसू येईना. ग्रामसभेने आणखी एकच पावसाळा दिला होता. रोपं तगली नाहीत, तर इथे सौर पट्ट्या बसणार होत्या. त्या काही वाईट नव्हेत. पण उताराच्या एका बाजूला एक राई, दुसऱ्या बाजूला दुसरी, आणि मध्ये हे बोडकं रान. धनेशाची (फळं खाऊन बिया दूरवर टाकणाऱ्या मोठ्या चोचीच्या पक्ष्याची) एकच जोडी उरली होती. मधलं रान उभं राहिलं नाही, तर एवढ्याशा राईत त्यांच्या पिल्लांचं कसं व्हायचं?

"माती हुंगून बघ," आत्या म्हणाली.

मेलेल्या रोपाच्या मातीला वासच नव्हता. राईच्या कडेची माती मात्र ओल्या पाचोळ्यासारखी दरवळत होती. शेकरूने आपला दोऱ्याएवढा डोळा अलगद तिथल्या जमिनीत सारला. त्याच्या पाठीवरच्या पडद्यावर मुळं दिसली आणि मुळांना लगडलेले, केसाहून बारीक पांढरे धागे.

"ही कवकं (बुरशीच्या जातीचे जीव)," आत्या सांगू लागली. "मुळं पोचत नाहीत तिथवर हे धागे पोचतात. तिथून पाणी आणतात, स्फुरद (वाढीला लागणारं एक पोषक द्रव्य) आणतात. झाड त्यांना पानांत तयार केलेली साखर देतं."

"म्हणजे शेजारणी एकमेकींकडे वाटी घेऊन जातात तसं?"

"अगदी तसं! याला सहजीवन (एकमेकांच्या आधाराने जगणं) म्हणतात."

"मग आपल्या रोपांचे धागे कुठे गेले?"

शेकरू हळूच म्हणाला, "मी भाजले."

"काय?"

"गावाने भाताचं रोप टाकायच्या आधी राब भाजायला शिकवलं ना? पालापाचोळा जाळला की तणाचं बी मरतं. म्हणून मी पिशव्यांतली सगळी माती भट्टीत भाजली. चांगली खरपूस!"

आत्याने कपाळाला हात लावला. "अरे बाबा, भाताला चार महिने काढायचे असतात, झाडाला जन्म! आणि या उतारावर तर वर्षानुवर्षं राबच भाजले गेलेत. इथे धागे उरणार कसे?"

"आत्ता आणतो राईतली माती!" शेकरूने फावडं उचललं.

"हं! हात आखड, यंत्रा!" राईचे पुजारी रामा गुरव काठी टेकत पुढे आले. "इथली काटकीसुद्धा बाहेर जात नाही. आज्याच्या आज्यापासूनची रीत आहे."

"खरंय बाबा," आत्या हळू आवाजात म्हणाली. "त्या रीतीमुळेच ही माती जिवंत राहिली."

मग करायचं काय? वेणू राईकडे बघत राहिली. गेल्याच आठवड्यात तिची ताई माहेरपण करून सासरी गेली होती, भरल्या ओटीने.

"गुरवबाबा, राईत यायला बंदी आहे का?"

"यायला कसली बंदी?"

"आणि देवीकडे आलेली माहेरवाशीण परत निघाली तर?"

"रिकाम्या ओटीने आई कुणाला धाडत नाही."

"मग आमची रोपं माहेराला येतील!"

रामा गुरवांनी देवीच्या दिशेने हात जोडले. "घेऊन ये, पोरी."

किंजळ, हिरडा, जांभूळ, बेहडा अशी दोनशे नवी रोपं तरटाच्या पिशव्यांत, न भाजलेल्या मातीत रुजवली आणि राईतल्या पाचोळ्यात अर्धी पुरली. तरटाच्या भोकांतून मुळं बाहेर आली, धागे आत गेले. कार्तिक ते ज्येष्ठ असं लांबलचक माहेरपण झालं. निघताना गुरवबाबांनी पहिल्या पिशवीला हळदकुंकू लावलं, आणि शेकरूने रोपं उतारावर लावली.

दसऱ्याला ग्रामसभा उतारावरच भरली. शेकरूने मोजून सांगितलं, "एकशे एकाहत्तर जिवंत." सरपंचबाईंनी उतारावरून नजर फिरवली आणि त्या म्हणाल्या, "सौर पट्ट्या शाळेच्या छपरावर बसवू."

दुसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यात एका सकाळी वेणू तांब्या घेऊन आली, तर शेकरू एका हिरड्यापाशी ओणवा झालेला. हिरड्याच्या सावलीत दोन पानांचा कोवळा कोंब होता. धनेशाच्या आवडत्या रानजायफळाचा.

"वेणूताई, हे माझ्या यादीत नाही. मी लावलेलंच नाही!"

वरून पंखांचा घरघर आवाज आला. धनेशाची जोडी या राईतून त्या राईकडे चालली होती.

"मोजू का याला?" शेकरूने विचारलं.

"मोज की," वेणू म्हणाली, आणि तांब्यातलं पाणी तिने त्या कोंबाच्या कडेने हळूच सोडलं.