बदली

दिवा असू दे जवळ. सांगते.

आमचा संप चालू होता. आम्ही सफाईच्या बायका कंपनीच्या फाटकाबाहेर ठाण मांडून बसलो होतो. मागणं काय, तर घर चालेल एवढा पगार आणि गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. माझी थोरली जाऊ तिथलाच जिना पुसताना कोसळली, जागीच गेली. तेव्हा "ही बाई आमची नव्हतीच" म्हणून कंपनीनं हात झटकले होते.

पण संपातही आत घाण साचेना. साहेब वरून म्हणाला, "बसा निवांत. तुमच्यावाचून काही अडलेलं नाही." बायकांचा धीर सुटायला लागला. आपल्यातली कोण फितूर झाली ते बघून यायला त्यांनी मला पाठवलं.

दुपारी मागच्या दारानं शिरले. दार पाठीमागे आपोआप लागलं. जिन्यात फिनेलचा वास कोंडला होता. वर कुठंतरी ओलं फडकं सपकन पडलं... मग घासत गेलं... मग पुन्हा सपकन.

वळणावर ती पाठमोरी, ओणवी. डावा हात कमरेवर दाबलेला. कमरेच्या दुखण्याला कधी रजाच मिळाली नव्हती तिला. ती पाठ मी डोळे मिटूनही ओळखली असती.

"जाऊबाई...?"

"ओल्यावर पाय नको देऊस, धाकटे." तिनं वळून पाहिलं नाही.

मी खाली पाहिलं. ज्या पायऱ्या चढून आले त्या सगळ्या ओल्या होत्या. कोरडी फक्त माझ्या पावलांखालची जागा. पाय उचलायला गेले, उचलेना.

"अहो, संप आहे," मी कशीबशी म्हणाले. "तुमचे हात चालू राहिले तर आमच्या पोटावर पाय येईल. थांबा आता."

"बदलीला कोणी आल्याशिवाय जागा सोडायची नाही. मुकादमानं बजावलंय."

"मुकादम कधीच घरी गेला."

"मग बदलीला कोण येतंय...?"

पाणी सरकत आलं. चपलेत शिरलं. हाडापर्यंत गार.

"मी येते," माझ्या तोंडून निघून गेलं. "तुम्ही जा."

फडकं थांबलं.

"नक्की ना?"

मी मान डोलावली. पाय सुटला, तशी जीव मुठीत धरून पळाले. बाहेर बायकांना एवढंच म्हटलं, आत आपलं कोणी नाही.

त्यानंतर इमारत नासायला लागली. डबे ओसंडले, संडास तुंबले. शेवटी साहेब नाकाला रुमाल लावून खाली आला. पगार वाढला, ओळखपत्रं मिळाली. जाऊबाईंच्या नावाचंही एक आम्ही भांडून काढून घेतलं.

कामावर परतलो त्या संध्याकाळी मी ते घेऊन घरी आले. सासूबाईंनी दार उघडलं आणि कडीवरचा हात तसाच राहिला. त्यांनी आत वळून पाहिलं, मग माझ्याकडे.

"अगं... तू तर मघाशीच आलीस ना? डावा हात कमरेवर दाबून मागची खोली पुसतेयस की."

आत कोणीतरी फडकं पिळलं.