करंगळीवरचं वळण

संध्याकाळी सहाच्या आत संयोगिताला एक व्हिडिओ पाठवायचा होता. उतारावर वीस बांबू, आलटून-पालटून डावं-उजवं वळण, एक पाय, पंचेचाळीस सेकंद! पोचला, तर हिमालयातल्या स्की-शर्यतीच्या शिबिरात जागा. नाही तर वर्ष पाण्यात. म्हणून ती, निवृत्त हवालदार केरबामामा आणि फोन सांभाळणारी मामेबहीण अंकिता शिराळ्यामागचा डोंगर चढत होती. बर्फ तिथं स्वप्नातही पडत नाही. पण उसाच्या वाळल्या पाल्यावरून, म्हणजे पाचटावरून, पाय कसा सटकतो हे इथं पोरासोरांनाही ठाऊक. भाऊ विश्वजीत तोडणीनंतर ते पेटवणारच होता. कुरकुरत त्यानं बारा भारे दिले.

एकोणिसाव्या वर्षी उसाच्या ट्रॉलीखाली तिचा डावा पाय मांडीपासून गेला. फौजेत स्की शिकलेल्या मामांनी तिला पुन्हा उभं केलं, उजव्या पायाला एकच लांब पट्टी आणि हातांत छोट्या पट्ट्यांच्या दोन कुबड्या देऊन. दोन हिवाळे ती राष्ट्रीय शर्यतीत उतरली आणि दोन्ही वेळा उजवं वळण चुकून बाद झाली. डावीकडे ती झकास वळे. उजवीकडे वळायला सगळा भार करंगळीच्या बाजूवर टाकावा लागतो, आणि नेमकं तिथंच तिचं मन कच खाई.

मुरमावर कुबड्या घसरत होत्या. माथ्याशी बांबू रोवून पाचट पसरलं, तर वाऱ्यानं अर्धं उडवलं! ते गोळा करण्यात दुपार सरली. पहिल्या खेपेला ती नवव्या बांबूशी पडली, दुसऱ्या खेपेला अकराव्याशी. दोन्हीकडे उजवंच वळण.

मामा वैतागले. "पोरी, डोक्यावर वैरणीचा भारा घिऊन बांधावरनं उतरायचीस, तवा पाय कशावर रोवायचीस?"

"करंगळीवर."

"मग आता कुनी नगं म्हटलंय?"

तिसरी खेप. ती सुटली! सहा. नऊ. अकरावाही गेला! आणि चौदाव्याशी डावीकडच्या कारवीतून गव्याची मादी उठली, मागं वासरू.

"थांब!" मामा ओरडले.

थांबायला जागा कुठं होती? चौदाव्याचं वळण डावीकडे, शिंगंही डावीकडे. संयोगितानं करंगळी दाबली. पट्टी कडेवर उभी राहिली. पाचट उडालं आणि ती उजवीकडं वळली, रांग सोडून, थेट घाणेरीच्या जाळीत! गवी फुसफुसली, पण वासराजवळून हलली नाही.

अंकिता रडत धावली. तिचा फोन केव्हाच गवतात पडला होता. व्हिडिओत नुसतं आभाळ. "आजून पंधरा मिन्टं हायती," ती म्हणाली.

गवी उतारावरच उभी होती. संयोगितानं तोंडावरचं रक्त पुसलं. "लेकुरवाळी हाय ती. आज उतार तिचा."

बांबू तिथंच सोडून तिघं दबकत खाली निघाली. वाटेत संयोगिता रडली. गेलेलं वर्ष थोडं नव्हतं. मामा कधी कौतुक करणाऱ्यांतले नव्हेत.

"उजवीकडं वळलीस," ते एवढंच म्हणाले.

"व्हय मामा. वळले."

पायथ्याशी रेंज आली. तिनं भावाला फोन लावला.

"दादा, उरलेलं पाचट पेटवू नगंस. वरीसभर लागनार हाय."